टोचणारी ऊब

पट्टणकोडोलीच्या यात्रेत लोकर आकाशात उडते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं हे गाव, दैवत विठ्ठल-बिरदेव. दसरा उलटला की महाराष्ट्र आणि कर्नाटकातून धनगर मंडळी इथं जमतात. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून पायी आलेले फरांडेबाबा भाकणूक सांगायला निघतात तेव्हा त्यांच्यावर भंडारा, खारीक, खोबरं आणि लोकर यांची एकदम उधळण होते. हळदीच्या पिवळ्या धुरळ्यात लोकरीचे पुंजके तरंगत राहतात. याच यात्रेत घोंगड्यांचा बाजार भरतो. देवावर उधळलेली लोकर आणि विकायला मांडलेली लोकर एकाच मैदानात असते, आणि विकणाऱ्याला आपला माल 'नैसर्गिक' आहे असं सांगावं लागत नाही.

हातानं घडवलेल्या, मातीला आणि पाण्याला न ओरबाडणाऱ्या कापडांचे बाजार हल्ली शहराशहरांत भरतात. त्यांच्याविषयी मला मनापासून आस्था आहे आणि त्यांच्याकडे मी पुढे वळणारच आहे. पण अशा बाजारात जे जे मांडलं जातं त्यात मला सर्वांत पूर्ण वाटलेली निर्मिती घोंगडीच आहे. पैठणीचं कौतुक झालं, इरकलीचं झालं, खणाचं तर अलीकडे अतोनात झालं. घोंगडीला मात्र आपण 'गरिबाचं पांघरूण' एवढ्याच नावानं ओळखत आलो. तिच्यातलं कौशल्य, तिच्यातला विचार आणि तिचं सौंदर्य यांचं रसग्रहण कुणी फारसं करत नाही. म्हणून एकच घोंगडी समोर पसरू या. साधी, काळी, रंग न दिलेली, दोन्ही काठांना पांढरी रेघ असलेली. साधारण नऊ फूट लांब, चार-साडेचार फूट रुंद, दोन-तीन किलो वजनाची.

आधी हात ठेवावा. घोंगडी टोचते. हे तिच्याबद्दलचं पहिलं सत्य आहे आणि शहरातला माणूस नेमका इथंच हात मागे घेतो. पण ते टोचणं कुठून आलं हे पाहिलं तर सगळी घोंगडी उलगडायला लागते. ही लोकर दख्खनी मेंढीची. महाराष्ट्रात या मेंढीचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे प्रकार सांगतात. ती राहते माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, सांगोला अशा पावसानं हुलकावणी दिलेल्या मुलखात, बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांतून चरते आणि वर्षातले कित्येक महिने चालत असते. तिच्या अंगावर मऊ लोकर आणि राठ केस एकत्र वाढतात. लोकरीचा तंतू साधारण 30 मायक्रॉनपेक्षा जाड झाला की त्याचं टोक त्वचेवर टेकल्यावर वाकत नाही, रुततं. आपल्याला ते टोचल्यासारखं वाटतं. मेरिनो मेंढीची लोकर याहून कितीतरी बारीक, म्हणून ती गळ्याभोवती गुंडाळता येते. दख्खनी लोकरीत या मर्यादेच्या वरचे तंतू भरपूर असतात. त्यांतल्या पुष्कळशा तंतूंचा गाभा पोकळ असतो, त्यात हवा कोंडून राहते, आणि त्याच गाभ्यामुळे तंतू ताठ होतो. म्हणजे ज्या गुणानं घोंगडी टोचते तोच गुण तिला उभी ठेवतो. काट्यात अडकली तर ती सहजासहजी फाटत नाही, पावसाचे थेंब तिच्या राठ केसांवरून ओघळून जातात, आणि अंगापासून ती जराशी दूर राहते म्हणून आत उबेचा एक थर तयार होतो. मेंढीनं ज्या हवेसाठी ही लोकर वाढवली त्याच हवेत मेंढपाळाला रात्र काढायची असते. त्याच्या पांघरुणाची गरज आणि मेंढीच्या अंगाची गरज एकच आहे. कुठल्याही डिझायनरला कापड निवडताना याहून अचूक निवड करता येईल असं मला वाटत नाही.

घोंगडीचा रंग पाहायचा तर तिला उन्हात नेलं पाहिजे. सावलीत ती काळी दिसते. उन्हात धरली की तिच्यात तांबूस, करडा, राखी असे रंग हलायला लागतात. काळ्या मेंढीच्या लोकरीची टोकं उन्हानं विटून तपकिरी होतात आणि कातरल्यावर ही टोकं आतल्या गडद लोकरीत मिसळतात. पिंजताना आणखी मिसळतात. त्यामुळे घोंगडीचा काळा कधी सपाट नसतो. त्यात त्या कळपाचं ऊन मुरलेलं असतं, आणि दोन घोंगड्यांचे काळे रंग एकसारखे निघत नाहीत. कापड रंगवायला लागणारं पाणी आणि त्यातून नदीत जाणारी रसायनं हा आजच्या वस्त्रोद्योगाचा मोठा घोर आहे; या कापडानं तो प्रश्न उद्भवूच दिलेला नाही. काठाची पांढरी रेघ पाहताना मला नेहमी तिच्या काटकसरीचं कौतुक वाटतं. पांढरी लोकर वेगळी काढायची, वेगळी कातायची, आणि ती जिथं सर्वांत उठून दिसेल तिथंच, दोन-तीन बोटांच्या पट्ट्यात वापरायची. काळ्या विस्ताराला तेवढीच एक मर्यादा घातली की कापड पूर्ण झालं. आजकाल काही घोंगड्यांवर लाल-हिरव्या रंगीत सुताचे काठ आणि नक्ष्या घालतात. त्यांना गिऱ्हाईक आहे हे मी समजू शकते, पण मला त्या आवडत नाहीत. त्या रंगांनी काळ्याच्या आतले रंग मरतात.

आता विणीकडे यावं, कारण घोंगडीचा खरा विचार तिथं आहे. मेंढ्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. कातरणीआधी मेंढ्या ओढ्यात किंवा तळ्यात धुऊन घेतात. एका मेंढीची वर्षभराची लोकर साधारण अर्ध्या किलोच्या आसपास भरते, त्यात कचरा आणि धूळही आली. एका घोंगडीत कळपातल्या कितीतरी मेंढ्या एकत्र आलेल्या असतात ते यामुळे. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. ती सर्वांत मऊ, आणि निव्वळ जावळाची घोंगडी सर्वांत महाग. बाकीची लोकर निवडायची, पिंजायची, तिचे पेळू करायचे आणि चरख्यावर सूत काढायचं. हे सूतकताईचं काम घराघरांतल्या बायकांनी केलं, आजही जिथं होतं तिथं बहुतेक म्हाताऱ्या बायकाच करतात. घोंगडीच्या पृष्ठभागावर जाडबारीक लहरी दिसतात त्या याच हातांच्या आहेत. गिरणीच्या सुतात ही लहर नसते. ज्याला हातमागाची नजर आहे तो घोंगडीच्या उभ्या धाग्यात कुठं कातणारीचा हात दमला आणि कुठं पुन्हा सावरला हेसुद्धा पाहू शकेल.

विणणारे सनगर आणि खुटेकर धनगर. मागावर चढवण्याआधी ताण्याला खळ द्यावी लागते, आणि ही खळ मला सगळ्या घोंगडीविद्येतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ती चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवून दळायचे आणि त्याची चिकट पेज शिजवायची. अंगणात खुंटांवर ताणा ताणून धरायचा आणि मोठ्या कुंच्यानं ही खळ त्याच्यावरून पुन्हा पुन्हा ओढायची, मग उन्हात वाळू द्यायची. हातानं कातलेलं एकेरी लोकरीचं सूत फार केसाळ असतं. एका धाग्याचे केस शेजारच्या धाग्यात अडकतात आणि फणीच्या घर्षणानं ताणा तुटत राहतो. खळ त्या केसांना खाली बसवते, धाग्याला बळ देते. विणकर खड्डामागावर बसून धोटा फेकतो तेव्हा खरं तर चिंचेच्या झाडाच्या आधारावर मेंढीची लोकर विणली जात असते. ज्या मुलखात मेंढी आहे त्याच मुलखात बांधावर चिंच आहे, आणि चिंच खाऊन उरलेल्या बियांचा याहून चांगला उपयोग कुणाला सुचला असता?

घोंगडी विणून झाल्यावर ही खळ तिच्यातच राहते. म्हणून नवी घोंगडी ताठ असते, घडी घालताना कुरकुरते आणि जास्तच टोचते. मग ती वापरात येते. पहिल्या पावसात भिजते, खळ हळूहळू सुटते. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि घासणं मिळालं की हे खवले एकमेकांत गुंततात आणि विणीतली भोकं बुजत जातात. खळ जाते आणि तिच्या जागी लोकरीची स्वतःची घट्ट वीण येते. दोन-तीन पावसाळे अंगावर घेतलेली घोंगडी नव्या घोंगडीपेक्षा मऊही असते आणि पाण्याला दादही कमी देते. मागावरून उतरली तेव्हा ती अर्धीच झालेली होती. उरलेली अर्धी तिच्या मालकानं, त्याच्या खांद्यानं, त्याच्या पावसानं पूर्ण केली. आपण दुकानातून घेतो ते कपडे पहिल्या दिवशी सर्वांत चांगले असतात आणि नंतर उतरत जातात. घोंगडीचा प्रवास उलटा आहे. टिकाऊ फॅशनबद्दल आज जेवढं बोललं जातं त्या सगळ्याचं मर्म मला या उलट्या प्रवासात सापडतं.

एका शहरी प्रदर्शनात मी एका ग्राहक बाईंना विणकराला विचारताना ऐकलं, "टोचते का हो?" तो म्हणाला, "टोचंल की ताई. पहिला पावसाळा टोचंल. दुसऱ्याला ती तुमची हुईल." बाईंनी घोंगडी घेतली नाही. माझ्या मते मात्र त्या मैदानावर त्या दिवशी बोललं गेलेलं सर्वांत जाणतं वाक्य ते होतं.

घोंगडी कुठंही कापलेली नाही, कुठंही बेतलेली नाही. मागावरून उतरते तशीच ती अंगावर येते. लुगडं, धोतर, उपरणं या आपल्या न शिवलेल्या वस्त्रांच्या कुळातली ती आहे, पण त्यांच्यापेक्षा तिची कामं जास्त. पाऊस आला की तिची खोळ करतात: एक कोपरा आत दुमडून डोक्यावर घ्यायचा, बाकीची घोंगडी पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत सोडायची. दोन्ही हात मोकळे, काठी हातात, आणि मेंढरांमागं चालता येतं. छत्रीनं हे काम होत नाही. वाटेत मेंढी व्याली तर कोकरू याच खोळीत घेऊन चालायचं. रात्री अर्धी अंथरायची, अर्धी पांघरायची. चार माणसं आली तर तीच बैठक. खरेदीला निघालं तर तीच गाठोडं. ज्याला वर्षातले सहा-सात महिने बिऱ्हाड पाठीवर घेऊन माणदेशाकडून कोकणाकडे आणि परत असं फिरायचं आहे त्याच्याजवळ एका वस्तूनं एकच काम करून चालत नाही. मेंढ्यांनी शेतात बसून खत द्यावं, लोकरीनं पांघरूण व्हावं आणि पांघरुणानं घर व्हावं, असं हे सलग गणित आहे.

लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा शोषून घेते तरी स्पर्शाला ओली लागत नाही, आणि तो ओलावा शोषताना थोडी उष्णता बाहेर सोडते. दवात झोपणाऱ्या माणसाला ही उष्णता कळते. शेकोटीजवळ निजताना ठिणगी उडाली तर घोंगडी भडकत नाही, काळा ठिपका पडून विझते. सुताची गोधडी किंवा अॅक्रिलिकचं ब्लँकेट घेऊन शेकोटीजवळ झोपणं धोक्याचं. हे सगळं शास्त्र आज मांडता येतं, पण घोंगडी वापरणाऱ्यांना ते अनुभवानं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. आणि वास? ओल्या घोंगडीला मेंढीचा वास येतो, हे खरं. लोकरीतल्या स्निग्धतेचा तो वास. ती स्निग्धता पुरती धुऊन काढली की वास जातो, पण पाणी थोपवण्याची ताकदही बरीचशी जाते. दोन्ही हवं असं होत नाही.

धनगर समाजात घोंगडी नुसती वापरायची वस्तू राहत नाही. पंच बसायचे ते घोंगडीवर, देवापुढं मांडामांड करायची ती घोंगडीवर, आणि तिच्यावर भंडारा पडला की तिचं स्थान बदलतं. गुंथर सोन्थायमर या जर्मन संशोधकानं धनगरांबरोबर वर्षानुवर्षं हिंडून त्यांच्या ओव्या गोळा केल्या आणि पशुपालकांच्या देवतांवर मोलाचं लेखन केलं. रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या 1984 सालच्या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलेलं आहे, आणि त्या मांडणीत पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या जोडीला महत्त्वाची जागा आहे. ज्या वारीला आपण मराठी संस्कृतीचा कणा म्हणतो तिच्या मुळाशी मेंढरांमागं चालणाऱ्यांची पायवाट असेल, तर घोंगडीला मराठी वस्त्रांच्या यादीत शेवटचं पान का द्यावं? ते पहिलं असायला हवं, असं मी आग्रहानं म्हणेन.

आता त्या शहरी बाजारांकडे. पुण्यात 2006 पासून भीमथडी जत्रा भरते, मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं. बचतगटांच्या बायका आपली उत्पादनं घेऊन येतात, खेड्यातला कारागीर मधल्या दलालाशिवाय शहरातल्या माणसासमोर उभा राहतो. हे फार मोलाचं आहे. कारागिराला ग्राहकाचा चेहरा दिसतो आणि ग्राहकाला वस्तूमागचा हात दिसतो. याशिवाय लहान-मोठी प्रदर्शनं असतात, ज्यांत तरुण डिझायनर हातमागाचे कपडे, नैसर्गिक रंगाच्या ओढण्या, लोकरीच्या पिशव्या मांडतात. पण या बाजारांची एक सवय मला खटकते. ते वस्तूला ग्राहकाच्या सवयीप्रमाणे वाकवायला लावतात. घोंगडी मऊ करा, हलकी करा, वास घालवा, रंग द्या. मग विणकर राठ दख्खनी लोकर बाजूला ठेवून बाहेरचं गिरणीचं मऊ सूत आणतो, कधी त्यात कृत्रिम धागा मिसळतो, आणि तीच 'पारंपरिक घोंगडी' म्हणून विकली जाते. विकणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. मागणीनंच त्याला तिथं नेलं.

ओळखायचं कसं, हे वाचकाला सांगायला हवं. घोंगडीच्या दशीतला एक छोटा धागा तोडून जाळून बघावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, आणि उरलेली काळी राख बोटांत चुरगळते. कृत्रिम धागा वितळतो, ओघळतो आणि त्याचा टणक मणी होतो. एवढी परीक्षा पुरे. खऱ्या हातविणीच्या घोंगडीची किंमत काही हजारांत जाते. शे-पाचशेला मिळणारी घोंगडी लोकरीची नसते, हेही लक्षात असू द्यावं.

डिझायनरांनी दख्खनी लोकरीचं काय करावं, याचं उत्तर मला काही चांगल्या प्रयोगांत दिसलं. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेल्या काही तरुणांनी 'अर्थन ट्यून्स' या नावानं दख्खनी लोकरीचे बूट केले, आणि ते शेतकऱ्यांसाठी केले. ही निवड मला फार समंजस वाटते. बुटाला राठपणा चालतो, हवाच असतो. उन्हात पाय तापत नाही, आणि काटे सहज आत जात नाहीत. त्यांनी लोकरीला मेरिनो व्हायला सांगितलं नाही, तिचा स्वभाव जिथं उपयोगी पडेल ती जागा शोधली. 'देशी ऊन' या नावानं देशभरातल्या अनेक संस्था स्थानिक मेंढ्यांच्या लोकरीसाठी एकत्र काम करतात, त्यामागची दृष्टीही हीच आहे. सतरंजी, आसन, पिशवी, घोड्याचं खोगीर, आत सुती अस्तर दिलेलं जाकीट, न विणता ठोकून बसवलेला बुरणूस: या सगळ्यांत दख्खनी लोकर आपल्या जागी आहे. उलट घोंगडी कापून तिच्या उशांच्या खोळी करणं आणि त्यांना रंगीत गोंडे लावणं मला पटत नाही. नऊ फुटांची सलग वस्तू तुकड्यांत विकताना तिचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य आपण आधीच फेकून दिलेलं असतं. ज्याच्या हाती कात्री आहे त्यानं ती न चालवण्याचाही विचार करून पाहावा.

हे सगळं लिहिताना मनात एक काळजी आहे. आज पुष्कळ ठिकाणी मेंढ्या कातरण्याची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त होते. मेंढपाळाला लोकर कातरावी तर लागते, नाहीतर मेंढीला उन्हाचा आणि उवा-गोचिडांचा त्रास. मग कातरलेली लोकर रानात टाकून दिली जाते. एके काळी लष्कराच्या ब्लँकेटांसाठी दख्खनी लोकरीला मागणी होती. ती आटली, परदेशी लोकर आणि कृत्रिम धाग्याची ब्लँकेटं स्वस्तात आली, आणि मेंढपाळाचं सगळं उत्पन्न मटणावर येऊन ठेपलं. मग कळपात भरपूर मांसाची, कमी लोकरीची मेंढी येणं ओघानंच आलं. जत भागातल्या माडग्याळ मेंढीला लाखांत बोली लागते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी कोकरं देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' हे वाण तयार केलं. मेंढपाळाच्या हातात चार पैसे जास्त पडावेत म्हणून केलेलं हे काम मोठं आहे आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण लोकरीला गिऱ्हाईक नसेल तर चांगल्या लोकरीच्या काळ्या मेंढ्या राखायला मेंढपाळाकडे कारण उरत नाही. काळी मेंढी गेली की काळी लोकर गेली, आणि रंग न देता काळी घोंगडी करणं संपलं. कातणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरात त्यांच्या सुनांनी चरखा शिकावा अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडानं करायची, जर दिवसभराच्या कताईतून शेतमजुरीइतकंही मिळत नसेल?

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणं आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केलं आहे. सभा होतील, ठराव होतील, व्हायलाही हवेत. पण घोंगडीला त्याहून साधी गरज आहे. तिला गिऱ्हाईक हवं, आणि ते जाणतं हवं. प्रदर्शनात घोंगडी दिसली तर तिच्यावर हात ठेवा आणि टोचली म्हणून हात मागे घेऊ नका. लोकर कुठल्या भागातल्या मेंढ्यांची, सूत कुणी कातलं, खळ कशाची दिली, एवढं विचारा. खरा विणकर या प्रश्नांनी खुलतो आणि पुष्कळ वेळ बोलत बसतो. दुसऱ्याचा माल विकणारा विषय बदलतो. घरी आणल्यावर ती वारंवार धुऊ नका. उन्हं द्या, झटका, आणि घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा, म्हणजे कसर लागत नाही. अंगाला टोचत असेल तर खाली सुती चादर घ्या. आणि शक्य झालं तर प्रदर्शनाची वाट न पाहता थेट विणकराकडेच मागणी नोंदवा. ती हिवाळ्यात नाहीतर उन्हाळ्यात नोंदवा, कारण पावसाळ्यात खळ वाळत नाही आणि माग बंद असतो.